पावणेपाच इंचांची जागा

आज मी ज्या टेबलावर बसून खोक्यांचे नमुने बनवते, त्या टेबलापर्यंत मला आणलं ते आमच्या प्रेसमधल्या डायवाल्या काकांनी. हे आधीच लिहून टाकते. लिहिण्याच्या भरात राहून गेलं तर मला चार दिवस जेवण जायचं नाही, असा माझा स्वभाव आहे. पुढं शेठ येतील, तीन पोरं येतील, पेस्टिंगच्या बाया येतील, त्यांनीही आपापल्या परीनं हात दिला. पण काका नसते तर मी कधीच हिंगोलीला परत गेले असते आणि वडिलांनी मला उजवून टाकलं असतं.

त्यांचं नाव इथं लिहीत नाही. त्यांना ते चालायचं नाही. "डाय करणाऱ्याचं नाव कुठं खोक्यावर असतंय?" असं ते म्हणायचे, आणि त्यात कुरकुर नसायची. उन्हाळ्यात ऊन असतं, असं सांगावं तसं सांगायचे.

आमचा प्रेस भोसरीत. चाकणच्या कंपन्यांना गाड्यांच्या सुट्या भागांसाठी लागणारी खोकी आम्ही करतो, शिवाय मिठाईची, औषधांची. छापलेल्या सपाट बोर्डाला, म्हणजे जाड पुठ्ठ्याला, खोक्याचा आकार देतो तो डाय. लाकडाच्या फळीत पोलादी पट्ट्या वाकवून ठोकलेल्या असतात. धारेची पट्टी बोर्ड कापते, बोथट पट्टी घडी पाडते. या पट्ट्या हातानं वाकवणारे काका हे आमच्याकडचे शेवटचे. बाकीचे डाय आता बाहेरून, लेझरवर कापून येतात.

काका चिंचवड गावठाणातले. खाकी शर्ट, वरच्या खिशात फुटपट्टी आणि गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं छपाई तपासायचं भिंग. नवीन आलेल्या वॉचमनला ती शिट्टी वाटली. काका सिक्युरिटीतले कुणी मोठे साहेब असणार म्हणून तो त्यांना महिनाभर सलाम ठोकत होता. काकांनी त्याला काही सांगितलं नाही. "सलाम चांगला घालतोय. कशापायी मोडायचा त्याचा?"

अशा माणसाच्या टेबलाखाली खताच्या गोणीत काय असावं? परदेशातल्या रॅप गाणाऱ्या पोरांच्या अल्बमची कव्हरं. तीन-चारशे तरी. नुसती कव्हरं, आत सीडीची तबकडी एकाही कव्हरात नाही.

ती गोणी त्यांना कुदळवाडीच्या भंगारात सापडली होती. बाहेरच्या देशातून आलेल्या रद्दीत ती आली होती म्हणे. काका गेले होते डायसाठी लाकडाची फळी शोधायला, आणि आले ती गोणी घेऊन. तबकड्या गेल्या त्यांच्या भावाच्या शेतात. चिखलीकडं भावाचा एक तुकडा उरला होता, चारी बाजूंनी बिल्डिंगा आणि मधे मका. त्या मक्यावर दोरीला तबकड्या टांगल्या, पाखरं बसू नयेत म्हणून.

"काका, तुम्ही ती गाणी ऐकली का हो कधी?" मी एकदा विचारलं.

"न्हाई. पाखरांनी ऐकली. पळाली ती."

गाणं कानात शिरलं की डोळा आळशी होतो, असं त्यांचं मत. जेवणाच्या सुट्टीत कुणी मोबाइलवर रॅप लावलं की ते हात वर करायचे, चौकातला पोलीस करतो तसा, आणि बंद होईपर्यंत हात खाली यायचा नाही. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. अक्षरं ते माणसांसारखी बघायचे. "ह्या अक्षराचं पोट सुटलंय बघ." "हे दारात उभं ऱ्हाऊन भांडतंय." गाणाऱ्यांची नावं माहीत नसल्यामुळं त्यांनी आपलीच ठेवली होती. टोपीवाला, पाठ दाखवणारा, सोनेवाले बंधू. सोनेवाले बंधूंवर त्यांचा राग होता, कारण त्यांच्या कव्हरावर सोनेरी छपाई होती पण आतली पट्टी गोंदानं नीट चिकटवलेली नव्हती. "अंगावर एवढं सोनं आणि खिशाची शिवण उसवलेली. बसायला बोलवू नये असल्यांना."

रॅपवाल्यांचीच कव्हरं का, हे मी त्यांना बऱ्याच उशिरा विचारलं. पट्टी वाकवता वाकवता त्यांनी सांगितलं. भजनाच्या कव्हरावर देव असतो, देवाला जागा आधीच मिळालेली असते. सिनेमाच्या कव्हरावर हिरो, त्यालाही कुणी जागेवरून उठवत नाही. "ह्या पोरांना कुणी जागाच दिली न्हवती. मिळाली ती एवढी." त्यांनी फुटपट्टी कव्हरावर ठेवली. पावणेपाच इंच. "मग एवढ्यात घर बी बसवायचं, गल्ली बी, आई बी, दुश्मन बी. ज्याला जागा कमी असती त्यो ती कशी वापरतोय, ते बघायचं. आपलं खोकं त्येच करतंय की."

त्यांची एक पद्धत होती. गुरुवारी आमची सुट्टी. म्हणून बुधवारी, जेवण सात मिनिटांत उरकून, उरलेल्या वेळात ते एक कव्हर काढायचे. जो बसेल त्यानं त्या कव्हराबद्दल एक गोष्ट सांगायची, आधी कुणी न सांगितलेली. नाही सांगता आली तर पुढच्या बुधवारी यायचं नाही. क्रमही ठरलेला. आधी डोळे मिटून बोटं फिरवायची. मग वास. मग पाठ बघायची, मग अंगठ्याएवढा कणा, आणि सगळ्यात शेवटी तोंड. "तोंड समदेच धुऊन येत्यात," ते म्हणायचे.

पुष्कळ कव्हरांवर कोपऱ्यात एक काळी-पांढरी पट्टी असायची. सुपरवायझरांनी वाचून सांगितलं, आईबापांना इशारा आहे, आत शिव्या आहेत. काका खूश झाले. "आमी 'नाजूक माल' छापतो, हे 'तोंड वाईट' छापत्यात." मग सगळ्या पट्ट्या त्यांनी भिंगाखालून काढल्या आणि पुढच्या बुधवारी जाहीर केलं की काही पट्ट्या वरून चिकटवलेल्या आहेत आणि काही कव्हरासोबतच छापलेल्या. "चिकटवली त्येला दुसऱ्यानं वाईट ठरवलं. छापली त्येला सोताला वाईट दिसायचंय." एक जरा चिकणा पोरगा होता, गालावर खळी. त्याची पट्टी सगळ्यात मोठी, आणि छापलेली. काका त्याच्याकडं बघून हसले. "ह्याची आई समोर बसली आसंल फोटो काढताना."

मी त्या वेळी पेस्टिंगला होते. खोक्याची कड दुमडायची, गोंद, दाब, पुढचं. नववीत शाळा सुटली, त्यानंतर दोन वर्षं घरी, मग गावच्या एका बाईच्या ओळखीनं भोसरीत. ठेकेदाराकडचं काम. सात महिने भरले की ब्रेक, म्हणजे घरी बसा, परत बोलावलं तर बोलावलं. बाबांनी मला पाठवतानाच सांगितलं होतं, "ब्रेक झाला की निघून ये. स्थळं बघायला घेतो." माझे पाच महिने झाले होते. मी बोटांवर आठवडे मोजायची आणि कुणी नुसतं "ऐक गं" म्हणलं तरी हातातलं खोकं खाली पडायचं. पेस्टिंगच्या बाया मला नावानं नाही, हिंगोली म्हणून हाक मारायच्या.

एका बुधवारी सावलीला जागा नव्हती म्हणून मी काकांच्या टेबलाजवळ डबा उघडला. कव्हर निघालं होतं. एक माणूस जिन्यात बसलेला, पाय कॅमेऱ्याकडं लांब केलेले, गळ्यात दोराएवढी जाड चेन. पंचिंगचे, म्हणजे डाय दाबायच्या मशीनवरचे दोघं आणि सुपरवायझर बोलून झाले होते. चेन, अंगठ्या, जिन्याचा तुटलेला कठडा.

"तू सांग," काका मला म्हणाले.

"मी कशाला, मी आपली जेवतेय."

"बसलीस न्हवं? मग सांग."

मी बघितलं. म्हणलं, "बुटाचा तळवा स्वच्छ आहे."

"मग?"

"मग काही नाही. जिन्यात एवढी घाण आहे. हा चालत आला असता तर तळव्याला लागली असती. बूट इथंच बसून घातलेत." आणि मग घाबरून पुढं बोलले, कारण गप्प बसले तर चुकलं असं वाटतं मला. "मला ठेकेदारानं बूट दिले ते दुसऱ्या कुणाचे तरी होते. आत त्याच्या बोटांचे खड्डे होते. नवीन बूट मिळाले तर मी पण आधी तळवाच दाखवीन."

काकांनी भिंग लावलं आणि बराच वेळ तळवा बघितला. "एवढ्या वर्षांत मी चेनीच्या कड्या मोजत बसलो," ते म्हणाले. मग सुपरवायझरांकडं वळून, "हिचा डबा पुढच्या बुधवारपास्नं हितंच उघडायचा."

त्यानंतर त्यांनी मला शिकवायला घेतलं, आणि त्यांचं शिकवणं म्हणजे आधी सगळं पुसून टाकणं. कुठलंही कव्हर समजायचं तर पहिल्यांदा तसंच्या तसं कोऱ्या पांढऱ्या बोर्डातून करायचं. रंग नाही, फोटो नाही, अक्षर नाही. मोजायचं, कापायचं, दुमडायचं. "रंग लई बडबड करतोय. त्येला गप कर, मग आंग काय म्हणतंय ते ऐकू येतंय." दोन महिन्यांत मी वीस-बावीस पांढरी कव्हरं केली. तीन घड्यांची, खिशाची, दारासारखी उघडणारी. सातवा महिना संपत आला तेव्हा त्यांनी शेठना माझी पांढरी कव्हरं दाखवली आणि म्हणाले, नमुन्याच्या टेबलाला माणूस पाहिजे ना तुम्हाला, ही घ्या.

शेठनी एक कव्हर उलटंपालटं केलं. "नववी नापास आहे ती."

"नापास न्हाई. शाळा सुटली. आणि बोर्डाला कुठं वाचता येतंय?"

शेठ हसले नाहीत, पण नाही पण म्हणाले नाहीत. त्याच सुमारास निगडीची तीन पोरं चकरा मारत होती. त्यांचा रॅपचा अल्बम झाला होता, 'फर्स्ट शिफ्ट', नऊ गाणी. गाणी फोनवर होतीच, पण कार्यक्रमात लोकांच्या हातात द्यायला त्यांना खरंखुरं कव्हर पाहिजे होतं, तीनशे नग. एवढी छोटी ऑर्डर आमच्याकडं घेत नाहीत. शेठ म्हणाले, "हे काम हिला द्या. पहिल्यापासून शेवटपर्यंत. नीट गेलं तर टेबल हिचं, कायमचं. नाही गेलं तर ब्रेक आलाच आहे."

पोरांना सगळं काळं पाहिजे होतं. पुढून, मागून, कण्यावर, सगळीकडं काळं, मधे आडवा फोटो. फोटोत एका लाल गाडीला टेकून तिघं उभे, मागं नारिंगी आभाळ. मी पांढऱ्या बोर्डातून कव्हर केलं. घड्या सरळ, खिसा घट्ट. काकांनी बोट फिरवून मान डोलावली. मग मी मोठ्या शीटवर मांडणी केली. उभी मांडली तर एका शीटमधे तीन बसत होती. आडवी फिरवली तर चार. मी आडवी फिरवली. पेस्टिंगला असताना बोर्डाचा तुकडा वाया गेला की ओरडा बसायचा, तेच डोक्यात बसलं होतं. काका ते दोन दिवस दातांच्या डॉक्टरकडं चकरा मारत होते, म्हणून डाय बाहेरून कापून आला. शीट छापून आली, पंच होऊन आली, आणि मी स्वतः पहिलं कव्हर दुमडलं.

कण्यावर काळा रंग फुटला. घडीच्या पूर्ण लांबीला, पापडाला चीर जावी तशी पांढरी रेघ. दुसरं दुमडलं, तसंच. बाया माझ्याभोवती जमल्या. त्यांच्यातल्या एका मावशींनी शीट उन्हाकडं धरून वाकवली आणि हळूच म्हणाल्या, "अगं, आडवं घेतलंस गं."

बोर्डाला ग्रेन असतो, म्हणजे आतल्या तंतूंची एक दिशा. ज्वारीचं धाट उभं सोललं तर सरळ सोलत जातं, आडवं मोडलं तर कडकन तुटून आतला पांढरा भेंड दिसतो, तसं. घडी ग्रेनच्या दिशेनं पाहिजे. हे मला माहीत होतं. पण माझी सगळीच्या सगळी कव्हरं पांढरी होती, आणि पांढऱ्यावर पांढरी चीर दिसत नाही.

कार्यक्रम चार दिवसांवर होता, त्यात मधे गुरुवारची सुट्टी. पोरं दुपारी माल बघायला येणार होती. सुपरवायझरांनी काळा मार्कर आणून दिला. "कण्यावर फिरव. तीनशेच तर आहेत. कुणी बघत नाही एवढं." मी फिरवायला लागले. दहा-बारा झाली तेव्हा काका आले. गाल सुजलेला, बोलताना त्रास होत होता. त्यांनी शीट बघितली, मार्कर बघितला. त्यांना सगळं समजलंच. मार्कर मारलेलं एक कव्हर उचललं आणि माझ्या डब्यावर ठेवलं.

"वाच."

"काका, आज नको."

"दुसऱ्याचं हाय आसं समज. गोणीतनं निघालंय. वाच."

मी डोळे मिटले. बोटाला कण्यावर खरखर लागली. वास घेतला. मार्करचा उग्र वास. डोळे उघडून पाठ बघितली, मग कणा. रेघ उजेडात जांभळी चमकत होती.

"काय म्हणतंय?"

"ह्यांनी काहीतरी झाकलंय," मी म्हणाले. आणि मला रडू आलं.

काका बाजूच्या रिळावर बसले. "अर्धी चूक माझी हाय," ते म्हणाले. "मी तुला पांढऱ्यावर शिकवलं. रंगाला गप करून झालं की मग त्येचं बी ऐकायचं आसतं, हे सांगायचं ऱ्हायलं." मग, "आजून तोंड वाचलं न्हाईस."

तोंड म्हणजे पुढची बाजू. मी डोळे पुसून फोटो बघितला. पोरांनी आणून दिला तेव्हा मी तो फक्त मापानं बघितला होता, वाचला नव्हता. सगळा उजेड गाडीवर होता. लाल पत्रा आरशासारखा, आणि तिघांच्या छातीवर सावली. फक्त चेहरे तेवढे वर, आभाळाच्या उजेडात, एका रांगेत. गाडीवर हात ठेवला तर फोटो बरा दिसत होता. मी हात ठेवला. मग दोन्ही हातांच्या बोटांनी वरून-खालून झाकत नेलं, आणि मधे एक आडवी फट उरली. त्या फटीत तीन डोकी आणि आभाळ.

सकाळी साडेपाचला आमच्या खोलीसमोरून फर्स्ट शिफ्टवाल्यांना चाकणला नेणाऱ्या कंपनीच्या बस जातात. बाहेरून एवढंच दिसतं. काळी बस, उजेडाच्या खिडक्या, त्यात डोकी.

"काका," मी म्हणाले, "पार्टिशनचा काळा बोर्ड किती शिल्लक आहे?"

एका कंपनीची ऑर्डर रद्द झाली होती, खोक्यांच्या आत घालायच्या आडोशांची. तो बोर्ड आरपार काळा. कुठंही मोडा, आतही काळाच. त्याच्यातून बाहेरचं पाकीट करायचं. त्याच्यावर छापायचं काहीच नाही, फक्त पंच करायचं. नऊ गाण्यांच्या नऊ खिडक्या आणि वर बसच्या पाटीची एक लांबट खिडकी. छापलेल्या शीटची फुटलेली घडी कापून टाकायची. पुढची बाजू सपाट होती, तिला काही झालं नव्हतं. तिचं कार्ड करायचं आणि पाकिटात सरकवायचं. अल्बमचं नाव फोटोच्या वर छापलेलं होतंच, ते पाटीत दिसेल. चेहरे खिडक्यांत. गाडी झाकलेली.

मी हे धडाधड बोलले आणि बोलून झाल्यावर भीती वाटली. काकांनी फळी काढली. नऊ खिडक्यांचे छत्तीस कोपरे आणि पाटीचे चार, सगळे हातानं वाकवायचे. "खिडकीचे कोपरे गोल घे," त्यांनी मला सांगितलं, "बसचे गोल आसत्यात." मी पेन्सिलीनं आखत गेले. कागद पुढं केला तर म्हणाले, "बोर्ड कुठल्या आंगानं?" मी शीट दोन्ही बाजूंनी वाकवून दाखवली. एका बाजूनं नरम, एका बाजूनं अडून बसणारी. "ह्या अंगानं." "व्हय," ते म्हणाले.

पोरं चारला आली. सगळ्यात पुढचा पोरगा चाकणला एका कंपनीत असेंब्ली लाइनवर होता, फर्स्ट शिफ्ट करून तसाच आलेला. त्याच्या मागं दोघं. काकांनी माझ्याकडं पाठ केली आणि डायवर हातोडी मारत राहिले. म्हणजे मीच सांगायचं होतं.

मी फुटलेलं कव्हर त्याच्या हातात दिलं. "हे माझ्यामुळं झालंय. बोर्ड मी चुकीच्या दिशेनं घेतला. सगळी तीनशे अशीच आहेत."

त्यानं कणा बघितला. "राव," एवढंच म्हणाला. मग, "ताई, रविवारी प्रोग्राम आहे आमचा."

"माहितीये. तुमची ती गाडी कुणाची आहे?"

"कुठली?"

"फोटोतली."

तिघांनी एकमेकांकडं बघितलं. मागचा म्हणाला, "ह्याच्या मामाची. का?"

"तुमच्या नऊ गाण्यांत मामांचं गाणं आहे का?"

मागचा हसला. पुढच्यानं त्याला कोपर मारलं. "नाही. पण गाडी जरा भारी दिसते ना ताई."

"दिसते. सगळा उजेड तिनंच घेतलाय. तुम्ही तिघं तिला पुसायला आल्यासारखे दिसताय."

मी असं कुणाला याआधी कधी बोलले नव्हते. काकांची हातोडी एक क्षण थांबली आणि परत सुरू झाली. पुढच्या पोराचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात काकांनी डाय मशीनवाल्याकडं दिला, आणि एक काळं पाकीट पंच होऊन आलं. मी घडी घातली. काळी, सरळ, कुठंही रेघ नाही. कार्ड कापून आत सरकवलं.

"आमचे फेस आत गेले की राव," पुढचा म्हणाला.

"थांबा." मी कार्ड हळूहळू बाहेर ओढलं. तिघांची डोकी एका खिडकीतून दुसरीत गेली, दुसरीतून तिसरीत. मागं नारिंगी आभाळ. फोटो संध्याकाळचा होता, पण खिडकीतून ते आभाळ पहाटेचंच वाटत होतं.

तिघांतला तिसरा, जो आल्यापासून गप्प होता, त्यानं हात पुढं केला. "परत ओढ," म्हणाला. मग स्वतःच घेतलं आणि ओढलं. "अरे, मी रोज ह्याच सीटवर असतो. मागून दुसरी खिडकी." त्यानं खिडकीत आपलं डोकं आणून ठेवलं आणि तिथंच थांबवलं.

पुढचा काकांकडं गेला. "काका, मागं तुमचं नाव टाकतो आम्ही. कार्डवर जागा आहे."

"डाय करणाऱ्याचं न्हाई टाकत."

"मग ताईचं?"

काकांनी माझ्याकडं बघितलं. मी मानेनंच नको म्हणलं. नाव छापून आलं आणि परत कुठं चूक निघाली तर, हेच माझ्या डोक्यात आलं. "हिचं पुढच्या टायमाला," काका म्हणाले. "आज हिला दम लागलाय."

सुट्टीनंतरचे दोन दिवस पेस्टिंगच्या सगळ्या बाया माझ्या कामाला बसल्या. खिडक्यांतले छोटे तुकडे नखानं काढायचे होते, नऊ आणि एक, तीनशे वेळा. मावशी म्हणाल्या, "हिंगोलीच्या बसनं सगळ्यांची नखं काढली." शेठ शनिवारी आले. त्यांनी एक पाकीट घेतलं, कार्ड आत-बाहेर केलं, परत केलं, फोनवर कुणाशी तरी बोलत बोलत आणखी दोनदा केलं. फोन ठेवल्यावर विचारलं, "असं मिठाईच्या खोक्याला होईल का? खिडकीतून लाडू दिसले पाहिजेत."

"होईल," मी म्हणाले.

"मग सोमवारपासून करून बघ." आणि सुपरवायझरांना, "हिचं नाव ठेकेदाराच्या यादीतून काढा. आपल्यात घ्या."

मी बाबांना फोन केला. सांगताना तीनदा चुकले, आधी लाडू आले, मग बस, मग बोर्डाचा ग्रेन. बाबा सगळं ऐकून म्हणाले, "म्हणजे येत नाहीस."

"नाही. दिवाळीला येते."

मग ते म्हणाले, "बरं. स्वेटर घेऊन जा येशील तेव्हा, तिकडं थंडी असते."

काका पुढच्या वर्षी निवृत्त झाले. आता मारुंजीला मुलाकडं असतात, अकराव्या मजल्यावर. मी महिन्यातून एखाद्या गुरुवारी जाते, दोन बस बदलून. मुलगा-सून चांगली आहेत, चहा होतो, नात काकांच्या मांडीवर असते. पण दिवाणखान्यात कव्हरं पसरायला जागा नाही, आणि शेजारी कुणाला त्यांत गोडी नाही. मागच्या खेपेला ते गॅलरीत उभे होते आणि समोरच्या बिल्डिंगची मागची बाजू मला वाचून दाखवत होते. कुणाच्या गॅलरीत काय वाळत घातलंय, कुणी जाळी कशी बसवलीय. "पुढनं समद्या सारख्या," म्हणाले. ऐकायला मी एकटीच होते. त्यांना पाच-सहा जण लागतात, एकमेकांचं खोडून काढणारे.

म्हणून मी ठरवलंय. अजून नमुन्याच्या टेबलाची नोकरी नवी आहे, आणि मला अजूनही "ऐक गं" म्हणलं की हातातलं खाली पडतं. पण एक दिवस मी चिंचवड गावठाणात, त्यांच्या जुन्या गल्लीजवळ, एक खोली भाड्यानं घेणार आहे. लांब टेबल, वर दोन ट्यूबलाइट, भिंतीला बाकडी. बुधवारी संध्याकाळी ती उघडी राहील. पंचिंगवाले येतील, ती तीन पोरं येतील, बाया येतील. काकांना आणायला मी रिक्षा पाठवीन आणि त्यांनी फक्त मधे बसायचं. हे मी त्यांना सांगितलेलं नाही, सांगितलं तर नको म्हणतील. इथं लिहून ठेवते, म्हणजे माझ्यासारख्या भित्रीला मागं फिरता येणार नाही.